ऑस्कर, वर्ण आणि न्याय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या छोट्या फिल्म क्लबात दर महिन्याला एक जुना इंग्रजी चित्रपट दाखवतो आणि नंतर चहा पिताना गप्पा होतात. ऑस्करची नामांकनं जाहीर झाली की या गप्पांची गाडी हमखास वर्णाच्या प्रश्नावर येते. गेली काही वर्षं मी तेच प्रश्न ऐकते आहे आणि तीच उत्तरं थोडी थोडी सुधारत देते आहे. ती एकदा नीट लिहून काढावीत म्हणून हे पान. हा विषय मला जवळचा आहे, त्यामुळे जिथे माझं मत आहे तिथे ते सरळ मांडलं आहे.

मुळात हा वाद सुरू कधी झाला?

वाद जुनाच आहे. घराघरात पोहोचला तो 15 जानेवारी 2015 ला. त्या दिवशी नामांकनं जाहीर झाली. अभिनयाच्या चार विभागांत प्रत्येकी पाच, अशी एकूण वीस नावं, आणि वीसच्या वीस कलाकार गोरे. एप्रिल रेन या कृष्णवर्णीय अमेरिकन महिलेने सकाळी ट्विटरवर एक ओळ टाकली: ऑस्कर इतके गोरे आहेत की त्यांनी माझ्या केसांना हात लावून बघू का म्हणून विचारलं. तिकडच्या कृष्णवर्णीय बायकांना हा अनुभव ऑफिसात, बसमध्ये, कुठेही येतो. त्यामुळे ती ओळ वाचणाऱ्या प्रत्येकीला ती आपलीच वाटली आणि 'ऑस्कर्स सो व्हाइट' हा हॅशटॅग दिवसभरात सगळीकडे पसरला.

त्या वर्षी मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावरचा 'सेल्मा' स्पर्धेत होता. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या यादीत त्याचं नाव आलं, पण दिग्दर्शिका एव्हा ड्यूव्हर्ने यांचं आलं नाही आणि किंग यांची भूमिका करणाऱ्या डेव्हिड ओयेलोवो यांचंही नाही. पुढच्या वर्षी, 2016 मध्ये, पुन्हा वीसपैकी वीस गोरे. 'क्रीड' या चित्रपटाचा दिग्दर्शक कृष्णवर्णीय, नायक कृष्णवर्णीय, आणि अभिनयाचं नामांकन मिळालं ते सिल्व्हेस्टर स्टॅलोन यांना. 'स्ट्रेट आउटा कॉम्प्टन' ही कृष्णवर्णीय रॅप कलाकारांची गोष्ट, पण त्या चित्रपटाला मिळालेलं एकमेव नामांकन पटकथेचं होतं आणि ते लेखक गोरे होते. एखाद्या वर्षी असं घडलं तर योगायोग म्हणून सोडून देता येतं. लागोपाठ दुसऱ्या वर्षी तेच घडल्यावर लोकांनी नावं मोजायला घेतली.

ऑस्कर मिळालेली पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती कोण?

हॅटी मॅकडॅनियल. तारीख 29 फेब्रुवारी 1940, चित्रपट 'गॉन विथ द विंड', विभाग सहाय्यक अभिनेत्री.

एवढं सांगून थांबलं तर ही गोष्ट सुखाची वाटते. म्हणून त्या संध्याकाळचं चित्र थोडं जवळून बघू. समारंभ लॉस एंजेलिसच्या अँबॅसडर हॉटेलात, कोकोनट ग्रोव्ह नावाच्या दालनात होता. त्या हॉटेलात कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. निर्माते डेव्हिड सेल्झनिक यांनी शब्द टाकला, तेव्हा कुठे मॅकडॅनियल यांना आत सोडलं. अंगात निळसर हिरवा झगा, केसांत पांढरीशुभ्र गार्डेनियाची, म्हणजे आपल्याकडच्या अनंताची फुलं. चित्रपटातले बाकीचे कलाकार एका मोठ्या टेबलाभोवती बसलेले, आणि मॅकडॅनियल यांच्यासाठी भिंतीलगत एक लहान टेबल. तिथे त्या, त्यांचा सोबती आणि त्यांचा एजंट. नाव पुकारल्यावर मॅकडॅनियल त्या भिंतीकडून उठून मंचावर गेल्या. आपण आपल्या वंशाला आणि चित्रपटसृष्टीला नेहमी भूषण ठरू अशी मनापासून आशा आहे, असं म्हणाल्या आणि पुन्हा त्याच टेबलाशी येऊन बसल्या.

आदल्या डिसेंबरमध्ये अटलांटा शहरात त्याच चित्रपटाचा मोठ्या थाटात पहिला खेळ झाला होता. जॉर्जिया राज्यात काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवण्याचे कायदे होते, म्हणून त्या खेळाला मॅकडॅनियल जाऊ शकल्या नाहीत.

वेगळं बसवणं म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावांना घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागायचं, हे आपण शाळेत असल्यापासून ऐकत आलोय. हॉलीवूडमध्ये भिंतीलगतच्या त्या टेबलावर पांढरं स्वच्छ कापड अंथरलेलं असेल. जागा नेमून देण्यामागचं डोकं तेच.

म्हणजे 1940 मध्येच पुरस्कार मिळाला होता. मग तक्रार कशाची?

मधली वर्षं मोजून बघा. मॅकडॅनियल यांच्यानंतर अभिनयाचं ऑस्कर मिळवणारी दुसरी कृष्णवर्णीय स्त्री व्हूपी गोल्डबर्ग, 1991 मध्ये. मध्ये एक्कावन्न वर्षं गेली. सिडनी पॉटिए 1964 मध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरले. त्या विभागात दुसरा कृष्णवर्णीय विजेता, डेन्झेल वॉशिंग्टन, यायला 2002 उजाडलं. त्याच रात्री हॅली बेरी सर्वोत्कृष्ट अभिनेत्री झाल्या, तो मान मिळालेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री म्हणून. रडत रडत त्यांनी डोरोथी डँड्रिज, लीना हॉर्न, डायॅन कॅरल अशी आधीच्या पिढ्यांची नावं घेतली आणि आज एक दार उघडलं असं म्हटलं. 2025 चा समारंभ पार पडला तरी त्या विभागात दुसरी कृष्णवर्णीय विजेती झालेली नव्हती.

दिग्दर्शनाचं चित्र याहून बोलकं आहे. 1992 मध्ये जॉन सिंगल्टन यांना नामांकन मिळालं, कृष्णवर्णीय दिग्दर्शकाला मिळालेलं पहिलं. पुढे स्टीव्ह मॅक्वीन यांचा 'ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह' 2014 मध्ये आणि बॅरी जेंकिन्स यांचा 'मूनलाइट' 2017 मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. दोन्ही वेळा दिग्दर्शनाचं ऑस्कर दुसऱ्याच चित्रपटाला गेलं. 2025 पर्यंत एकाही कृष्णवर्णीय दिग्दर्शकाला ते मिळालेलं नाही.

मतं कोण देतं?

अमेरिकेची चित्रपट अकादमी. 1927 मध्ये ती स्थापन झाली आणि पहिला समारंभ 1929 मध्ये झाला. तिचे सभासद म्हणजे या धंद्यातलीच माणसं: नट, दिग्दर्शक, कॅमेरामन, संकलक, वेशभूषाकार, ध्वनीवाले. नामांकनाच्या फेरीत बहुतेक विभागांत त्या त्या शाखेचे सभासद मत देतात. म्हणजे नटांची नावं नट सुचवतात, संकलकांची संकलक. अंतिम फेरीत सगळे सगळ्यांसाठी मत देतात. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी मात्र पसंतीक्रम लावायचा असतो. सगळ्यात कमी पहिली पसंती मिळालेला चित्रपट बाद होतो, त्याची मतं त्या मतपत्रिकांवरच्या पुढच्या पसंतीला जातात, आणि एकाला निम्म्याहून जास्त मतं मिळेपर्यंत हे चालू राहतं.

आता 2012 मधला एक आकडा. 'लॉस एंजेलिस टाइम्स'च्या पत्रकारांनी पाच हजारांहून जास्त सभासदांची नावं एकेक करून शोधून काढली. त्यात 94 टक्के गोरे निघाले आणि 77 टक्के पुरुष. कृष्णवर्णीय जेमतेम 2 टक्के, लॅटिनो, म्हणजे मूळ लॅटिन अमेरिकेतले, त्याहूनही कमी. मध्यक वय 62, म्हणजे साधारण निम्मे सभासद त्याहून मोठे. सभासदत्व तहहयात, त्यामुळे वीस-तीस वर्षांत एकही चित्रपट न केलेले लोकसुद्धा मतपत्रिका भरत होते. एक गंमतही सांगायला हवी. मतदानाआधी सगळे नामांकित चित्रपट बघितलेच पाहिजेत असा सरसकट नियम कित्येक दशकं नव्हता. अंतिम फेरीत त्या विभागातले सगळे चित्रपट पाहिल्याशिवाय मत देता येणार नाही, हा नियम 2025 मध्ये जाहीर झाला.

या माणसांच्या मनात द्वेष होता असं मी म्हणत नाही. पण कुठला चित्रपट लावून बघायचा आणि कुठला 'नंतर बघू' म्हणून बाजूला ठेवायचा, हे ज्याचं त्याच्या आयुष्यावरून ठरतं. पंचाण्णव टक्के माणसं एकाच आळीतली असतील तर दुसऱ्या आळीतला चित्रपट गठ्ठ्याच्या तळाशी जातो.

कला आहे, गुणवत्ता बघावी. यात वर्ण कशाला आणायचा?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो आणि विचारणारे बहुधा प्रामाणिक असतात. म्हणून जरा सविस्तर सांगते.

अभिनयाची गुणवत्ता दिसायला आधी भूमिका मिळावी लागते. 'द गुड अर्थ' हा 1937 चा चित्रपट चीनमधल्या शेतकरी कुटुंबाची गोष्ट सांगतो. त्या काळी हॉलीवूडमध्ये ॲना मे वाँग नावाची चिनी वंशाची, लॉस एंजेलिसमध्येच जन्मलेली, प्रसिद्ध अभिनेत्री होती. शेतकऱ्याच्या बायकोची, ओ-लानची भूमिका आपल्याला मिळावी असं तिला फार वाटत होतं. पण नायक म्हणून पॉल म्युनी ठरले होते आणि ते गोरे. वेगवेगळ्या वंशांच्या स्त्री-पुरुषांचं नातं पडद्यावर दाखवण्याला तेव्हाच्या सेन्सॉर नियमावलीची आडकाठी होती, त्यामुळे गोऱ्या नटाची बायको गोरीच हवी. ओ-लान झाल्या लुईस रायनर, चेहरा चिनी दिसेल असा मेकअप करून. वाँग यांच्यासाठी उरली ती घरात कलह लावणाऱ्या दुसऱ्या बाईची भूमिका, आणि एवढ्या चित्रपटात चिनी माणसाला फक्त वाईट भूमिका द्यायची, हे त्यांना सहन झालं नाही. त्यांनी नकार दिला. 1938 च्या समारंभात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर रायनर यांना मिळालं.

रायनर उत्तम अभिनेत्री होत्या, मतदारांनी समोर जे दिसलं त्यावर मत दिलं. त्या रात्रीच्या मतमोजणीत कुठेच खोट नव्हती. पण वाँग यांची गुणवत्ता मोजायला कोणी काटाच लावला नव्हता. गुणवत्तेची स्पर्धा म्हणतो तेव्हा स्पर्धेत उतरू कोणाला दिलं, हा प्रश्न आधी यायला हवा, एवढंच माझं म्हणणं.

मॅकडॅनियल यांचंही तसंच. ऑस्कर मिळाल्यावर त्यांना नायिकेच्या भूमिका आल्या नाहीत. आधी मोलकरणी केल्या होत्या, नंतरही मोलकरणीच कराव्या लागल्या.

मुंबईत जन्मलेल्या एका अभिनेत्रीला फार पूर्वी नामांकन मिळालं होतं, हे खरं आहे का?

खरं आहे. मर्ल ओबेरॉन. जन्म 1911, मुंबई. लहानपणातली काही वर्षं मुंबईत, मग कोलकात्यात. आईकडून दक्षिण आशियाई रक्त. 'द डार्क एंजल' या चित्रपटासाठी 1936 मध्ये त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं नामांकन मिळालं, पण तेव्हा जगाला ठाऊक होतं ते असं की ही ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावर जन्मलेली गोरी मुलगी आहे. प्रसिद्धीवाल्यांनी ती जन्मकथा रचली आणि ओबेरॉन यांनी ती आयुष्यभर निभावली. त्वचा उजळ दिसावी म्हणून मेकअप आणि प्रकाशयोजनेची सगळी खटपट चालायची. 1978 मध्ये टास्मानियातल्या होबार्ट शहराने भूमिकन्या म्हणून त्यांचा सत्कारसुद्धा केला. पुढच्याच वर्षी त्या गेल्या आणि खरी हकीकत नंतर बाहेर आली.

कोणी त्यांना खोटारडी म्हटलं की मला वाईट वाटतं. मुंबईची मिश्र वंशाची मुलगी म्हणून त्या हॉलीवूडला गेल्या असत्या तर नायिकेची भूमिका सोडाच, त्या काळच्या अमेरिकेत भारतीयांना कायद्याने स्थायिकही होता येत नव्हतं. आपलं गाव, आपली माणसं, आपला रंग हे सगळं दडवायचं आणि मग कॅमेऱ्यासमोर हसायचं, ही किंमत त्यांनी मोजली. 2023 मध्ये मिशेल यो सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरल्या. त्या आधी नामांकन झालं तेव्हा बातम्यांमध्ये 'स्वतःला आशियाई म्हणवणारी पहिली' असे शब्द तोलूनमापून वापरले गेले. ते आपल्या मुंबईच्या या मुलीमुळे.

2016 नंतर काही बदललं का?

बरंच. तेव्हा अकादमीच्या अध्यक्षा शेरिल बून आयझॅक्स होत्या, त्या पदावरची पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. जानेवारी 2016 मध्ये कार्यकारिणीने एकमताने ठरवलं की 2020 पर्यंत स्त्रियांची आणि अल्पसंख्य वंशांच्या सभासदांची संख्या दुप्पट करायची. मताधिकार दहा वर्षांचा, या धंद्यात काम चालू असेल तर पुढे वाढणारा. जुन्या सभासदांपैकी काही जण चिडले, आम्हाला वर्णद्वेष्टे ठरवताय का म्हणून जाहीर पत्रं आली. तरी निमंत्रणं जात राहिली: 2016 मध्ये 683, 2017 मध्ये 774, 2018 मध्ये 928, आणि त्यात परदेशी लोक भरपूर. 2020 पर्यंत स्त्रिया 33 टक्के आणि अल्पसंख्य वंशांचे सभासद 19 टक्के झाले. उरलेले किती, हे लक्षात ठेवलेलं बरं.

मतदार बदलले तसे निकालही हलले. 2019 मध्ये 'ब्लॅक पँथर'साठी वेशभूषेचं ऑस्कर रूथ कार्टर यांना आणि कलादिग्दर्शनाचं हॅना बीचलर यांना मिळालं. त्या त्या विभागातल्या पहिल्या कृष्णवर्णीय विजेत्या याच. 2020 मध्ये 'पॅरासाइट' हा कोरियन चित्रपट सर्वोत्कृष्ट ठरला, इंग्रजीत नसलेला पहिलाच. मात्र त्यातल्या एकाही नटाला नामांकन नव्हतं, आणि तो चित्रपट पाहिलेल्या माणसाला हे कोडं सुटणार नाही.

आता कोटा ठेवलाय म्हणे? गोऱ्यांचा चित्रपट स्पर्धेत येऊच शकत नाही?

येऊ शकतो आणि येतोही. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मजकुरात हे फार चुकीचं सांगितलं जातं.

नियम 2020 मध्ये जाहीर झाले, 2024 च्या समारंभापासून लागू झाले आणि फक्त सर्वोत्कृष्ट चित्रपट या एका विभागासाठी आहेत. चार निकष आहेत, त्यांपैकी कुठलेही दोन पुरे. एक पडद्यावरच्या कलाकारांचा किंवा कथेचा. दुसरा पडद्यामागच्या प्रमुखांचा आणि कामगारांचा. तिसरा नवख्यांना पगारी उमेदवारी देण्याचा. चौथा प्रसिद्धी आणि वितरणाच्या लोकांचा. उपेक्षित गटांत वंशाबरोबर स्त्रिया, समलिंगी आणि पारलिंगी व्यक्ती, अपंग व्यक्तीही धरल्या आहेत. म्हणजे पडद्यावर सगळे गोरे पुरुष असले, तरी स्टुडिओने उमेदवारी योजना चालवली आणि प्रसिद्धी विभागात वेगवेगळे लोक असले की काम झालं. मोठ्या स्टुडिओंना हे अजिबात अवघड नाही. कोट्याची भीती घालणाऱ्यांनी निकष वाचलेले नसतात. माझी तक्रार उलट आहे: हे नियम फार सैल आहेत.

बाकीच्या पुरस्कारांचं काय?

ब्रिटनच्या बाफ्टामध्ये 2020 साली तेच झालं, अभिनयात वीसपैकी वीस गोरे. पुरस्कार घ्यायला आलेल्या वाकीन फीनिक्स यांनी मंचावरूनच या प्रकाराबद्दल खेद व्यक्त केला, त्यात स्वतःचाही वाटा कबूल केला. बाफ्टाने पद्धत मुळापासून तपासली, आधी लांब यादी आणि काही ठिकाणी परीक्षक मंडळ असं ठरवलं. पुढच्याच वर्षी यादी ओळखू येणार नाही इतकी बदलली. सर्वोत्कृष्ट अभिनेत्याच्या नामांकनात आपला आदर्श गौरव होता. चित्रपट त्याच प्रतीचे होते, लोकांनी ते बघावेत अशी सोय फक्त नव्याने केली.

गोल्डन ग्लोब देणाऱ्या परदेशी पत्रकारांच्या संघात 2021 च्या सुरुवातीला 87 सभासद होते. त्यांत एकही कृष्णवर्णीय नव्हता. ते उघड झाल्यावर वाहिनीने 2022 चं प्रक्षेपण रद्द केलं, टॉम क्रूझ यांनी आपले तिन्ही पुतळे परत पाठवले आणि 2023 मध्ये तो संघ बरखास्त झाला.

भारतीयांना, मराठी माणसांना यात कुठे जागा आहे?

11 एप्रिल 1983 ची रात्र आठवा. 'गांधी' चित्रपटासाठी वेशभूषेचं ऑस्कर कोल्हापूरच्या भानू अथैया यांना मिळालं, जॉन मोलो यांच्याबरोबर विभागून. भारतात वाढून, मुंबईच्या ज. जी. कलाशाळेत शिकून ऑस्कर जिंकलेल्या त्या पहिल्या भारतीय. त्याच रात्री बेन किंग्जली सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरले, ज्यांचं जन्मनाव कृष्णा भानजी. आणि त्याच रात्री लुई गॉसेट ज्युनियर हे सहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय झाले. भानुताईंनी 2012 मध्ये आपला पुतळा जपणुकीसाठी अकादमीकडे परत सोपवला.

चित्रपट म्हणून जायचं तर मार्ग अरुंद आहे. आंतरराष्ट्रीय चित्रपट विभागात एका देशाने एकच चित्रपट पाठवायचा. तमिळ, मल्याळम, बंगाली, हिंदी, मराठी सगळे मिळून एक. 'श्वास', 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आणि 'कोर्ट' हे मराठी चित्रपट भारतातर्फे गेले. 'श्वास'च्या वेळी तिथल्या प्रचाराचा खर्च परवडेना, म्हणून लोकांनी वर्गणी काढली होती. शाळेतल्या पोरांनीसुद्धा पैसे दिले. तिकडे स्टुडिओ याच कामावर पाण्यासारखा पैसा ओततात. नायजेरियाचा 'लायनहार्ट' तर 2019 मध्ये बाद झाला, कारण त्यातले संवाद बहुतेक इंग्रजीत होते. इंग्रजांनी राज्य केलं म्हणून इंग्रजी ज्यांची राजभाषा झाली, त्यांना त्याच भाषेपायी दार बंद.

या विषयावर बघण्यासारखा एखादा चित्रपट?

'सेल्मा'च्या दिग्दर्शिका ड्यूव्हर्ने यांचा 2023 चा 'ओरिजिन'. अमेरिकेतला वर्णभेद आणि भारतातली जात एकाच धाग्यात बघणारा, दिल्लीत काही चित्रीकरण केलेला, आणि त्यात बाबासाहेब आहेत. व्हेनिस महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत उतरलेला तो आफ्रिकन-अमेरिकन स्त्रीने दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट. ऑस्करचं नामांकन एकही नाही. आमच्या क्लबात दाखवला तेव्हा शेवटी कोणी पटकन खुर्चीवरून उठलं नाही.

हॅटी मॅकडॅनियल यांचं ऑस्कर आता कुठे आहे?

त्या काळी सहाय्यक कलाकारांना पुतळा देत नसत, लहानशी पाटी देत. 1952 मध्ये मॅकडॅनियल गेल्या. हॉलीवूडच्या दफनभूमीत आपल्याला पुरावं अशी त्यांची इच्छा होती, पण तिथेही कृष्णवर्णीयांना जागा नव्हती. मृत्युपत्रात पाटी त्यांनी वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाला दिली होती, जिथे प्रामुख्याने कृष्णवर्णीय मुलं शिकतात. ती काही वर्षं तिथल्या नाट्य विभागात होती आणि मग नाहीशी झाली. 1 ऑक्टोबर 2023 ला अकादमीने तशीच दुसरी पाटी बनवून हॉवर्डला दिली. ती आता तिथल्या ललित कला महाविद्यालयाकडे आहे. मूळची अजून सापडलेली नाही.